कारवीच्या सालातल्या पेट्या

परवा उत्क्रांतीचा धडा चालू असताना शेवटच्या बाकावरची मुलगी मध्येच म्हणाली, "मॅडम, आमच्या डोंगराला कारवी आलीया." बाकीची मुलं हसली. धड्याचा आणि कारवीचा काय संबंध! तिनं दप्तरातून एक फांदी काढली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. शाहूवाडीहून सकाळच्या एसटीनं येताना तिनं ती मांडीवर जपून आणली होती. फुलं मलूल झाली होती, पण जांभळा रंग गेला नव्हता. मी फांदी उचलली. बोटांना तो जुना चिकटपणा लागला. त्या तासाला मी पुढं काय शिकवलं ते मला आठवत नाही.

ज्यानं कारवी पाहिलेली नाही त्याला ती सांगून कळत नाही. एरवी ती नुसती खरखरीत पानांची झुडपं. लोक तिच्या काठ्या तोडून कुडाच्या भिंती करतात, वर शेणमाती लिंपतात, एवढाच तिचा उपयोग. सहा वर्षं ती अशीच उभी असते. सातव्या, कधी आठव्या वर्षी पाऊस ओसरताना डोंगराच्या डोंगर एकदम फुलतो. मग त्या उतारावर दिवसभर एक गुणगुण भरून राहते. ती कानानं ऐकू येते म्हणण्यापेक्षा छातीत जाणवते. फुलून झालं की सगळी झुडपं वाळतात, मरतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बोंडं तडतड फुटत बी उडवत राहतात. माणसाच्या आयुष्यात असा बहर फार तर दहा वेळा यायचा. माझ्या वाट्याला आलेला हा तिसरा. पहिल्या बहराबद्दल मी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. मी नुकतीच कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले होते. त्या वयात माणसाला एखादं मोठं वाक्य सापडतं आणि तो ते सगळीकडं वापरत सुटतो. मला सापडलेलं वाक्य होतं, 'माणूसही निसर्गच.' मी फळ्याच्या एका बाजूला वारूळ काढायचे, दुसऱ्या बाजूला धरण, आणि विचारायचे, "सांगा, फरक काय?" वाळवीनं माती रचली, माणसानं सिमेंट. सुगरणीचा खोपा तेवढा नैसर्गिक आणि शाहूपुरीतली चार मजली इमारत कृत्रिम, हे कोणी ठरवलं? हात, मेंदू, यंत्र, सगळं एकाच प्रवाहातून आलेलं. मुलं लिहायचं थांबवून ऐकायची. मला त्या शांततेची चटक लागली होती.

आमचं घर शाहूपुरीतच. खाली अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पाण्याच्या मोटारींचं दुकान, वर आम्ही. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. अप्पा म्हणायचे, "मग आमचा पंपबी निसर्गच म्हण की!" मी म्हणायचे, "हो तर." हे त्यांना इतकं आवडलं की ते गिऱ्हाइकांनाही सांगायला लागले. मोटार घ्यायला आलेला शेतकरी बिचारा मान डोलवायचा.

एम.फिल.साठी मी मधमाश्यांचा विषय घेतला होता आणि त्यातूनच दगडू कांबळ्यांची ओळख झाली. शाहूवाडीच्या डोंगरातली त्यांची वाडी, एसटी सोडून तासभर चालायचं. बौद्ध कुटुंब, जमीन नावापुरती, भाताची दोन खाचरं. पण घरामागं हिरड्याच्या सावलीत चौदा मधपेट्या होत्या. त्यांत सातेरी माश्या. सातेरी म्हणजे आपली देशी, पेटीत नांदणारी माशी. दगडूदादा तेव्हा चाळिशीचे असतील. पेटी उघडताना ते तोंडावर जाळी घेत नसत. तंबाखू मात्र आदल्या दिवसापासून बंद. "वास आवडत न्हाय त्यास्नी," म्हणायचे. मेणाची चौकट वर उचलायची, बोटानं माश्या बाजूला सारायच्या आणि हळू आवाजात बोलायचं, "सरक गं बाय. सरक जरा. तुझं काय न्हेत न्हाय." निम्मा मध काढायचे, निम्मा ठेवायचे.

त्यांची बायको हौसाबाई बोलायला फटकळ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाली, "माशी बघाय कोल्हापूरवरनं आलाय? आमच्याकडं एवढा येळ कुणाला हाय!" आणि लगेच ताटात नाचणीची भाकरी आणि त्यावर ताजा मध.

एकदा दगडूदादांबरोबर डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर बसले होते. कारवीला कळ्या धरल्या होत्या. मी त्यांना माझं वारूळ आणि धरण सांगितलं.

"म्हंजे माशीचं घर मी पेटीत केलं, त्येबी निसर्गच?"

"निसर्गच."

"आणि आमी कारवी तोडून कूड घालतो त्ये?"

"तेही."

ते खूश झाले. "आयला, बरं हाय की! मग आमी काय परकं न्हाय म्हना ह्या डोंगराला." मग म्हणाले, "पर बाई, डोंगराला आमची वळख असतीया. आपलं करायचं ते वळखीनं करावं." तेव्हा मी हसले. ते वाक्य मी टिपून घेतलं नाही, एवढं सगळं टिपत असूनही.

कारवीचं साल म्हणजे मधाची पर्वणी, आणि पेट्या चौदाच. माझ्या डोक्यात आलं, पेट्या वाढवल्या तर? सीमेपलीकडं, कर्नाटकात, मधपेट्या विकणारा एक व्यापारी होता. अप्पांच्या दुकानाला माल आणणारा टेम्पो तिकडूनच यायचा. मी वीस वसाहती, म्हणजे माश्यांनी भरलेल्या वीस पेट्या, मागवायच्या ठरवल्या. माझा प्रयोगही होणार होता आणि दगडूदादांचा मधही वाढणार होता.

त्यांना ते पसंत नव्हतं. "परमुलखातली माशी हाय. हितली हवा, हितलं पाणी तिला ठावं न्हाय."

"दादा, जात एकच आहे. सातेरीच."

"जात एक आसंल. गाव येगळं हाय की."

मी त्यांना तासभर समजावलं. विज्ञान सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "तुमी शिकल्यालं हायसा. तुमी म्हंतासा तर आना." त्यांच्या त्या वाक्याचा भार मला तेव्हा जाणवला नाही. आता जाणवतो.

टेम्पो रस्त्यापर्यंत आला. पुढं पेट्या डोक्यावरून वाडीत आल्या. वीसच्या जागी व्यापाऱ्यानं अठ्ठावीस पाठवल्या होत्या. जादा आठ पेट्या त्याच ओढ्याच्या काठच्या खालच्या दोन वाड्यांवर गेल्या. तिथं आधीपासून मध काढणारी घरं होती आणि माझ्या शब्दाखातर त्यांनी त्या ठेवून घेतल्या.

पाचव्या दिवशी मी नव्या पेट्या तपासत होते. एका चौकटीत काही घरांची झाकणं टोचल्यासारखी दिसली. आतल्या अळ्या नेहमीसारख्या वेटोळं करून नव्हत्या. ताठ, उताण्या, टोकाला काळपट. चिमट्यानं एक उचलली तर ती पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी लोंबली. मी तोवर पुस्तकातसुद्धा हे पाहिलं नव्हतं. पण काहीतरी चुकतंय एवढं मला कळलं होतं. हे मी आज स्वतःशी पुरतं कबूल करते: मला कळलं होतं. दगडूदादा चार हातांवर होते. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "प्रवासाचा ताण आहे. होईल ठीक." आणि नव्या वसाहतींना जोर यावा म्हणून मीच त्यांतल्या काही चौकटी दगडूदादांच्या पेट्यांत आणि त्यांच्या काही इकडं बदलून बसवल्या.

मग कारवी फुलली. तो पंधरवडा मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, आणि तो इतका सुंदर होता हीच त्यातली शिक्षा आहे. सकाळी धुकं उठायच्या आधी डोंगर राखाडी असायचा. धुकं वर गेलं की खालून जांभळा निघायचा. माझ्या साडीला, केसांना, वहीच्या पानांना तो चिकट वास. माश्या पायांना परागाचे गोळे लावून पेटीच्या दारात धपकन उतरायच्या, उतरून क्षणभर दम घ्यायच्या. हौसाबाई भात राखायला जाताना वाटेत थांबून डोंगराकडं बघायची आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणायची, "काय फुललाय मेला!"

बहर उतरायच्या आत पेट्या उतरल्या. आधी नव्या, मग जुन्या. अळ्या मरत होत्या, नव्या माश्या जन्माला येत नव्हत्या, जुन्या दमून संपत होत्या. काही वसाहती उरलेलं बळ घेऊन उडून गेल्या. दिवाळीपर्यंत चौदापैकी बारा पेट्या रिकाम्या होत्या. थंडीत दगडूदादा रानातून फिरून आले आणि म्हणाले, "ढोलीतली बी गेली, बाई. हिरड्याची, जांभळीची, धा-बारा ढोल्या बघितल्या. सगळीकडं मुकं." आंब्याला मोहर आला तेव्हा त्या झाडाखाली मी उभी राहिले. मोहराच्या झाडाखाली इतकी शांतता मी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

तेव्हाच दगडूदादांनी मला विचारलं. रिकाम्या पेटीचं झाकण त्यांच्या हातात होतं.

"बाई, हे कशानं झालं म्हनायचं?"

तोपर्यंत मी वाचलं होतं. त्या वेळी दक्षिणेत असाच रोग पसरत होता. तो पेट्यांबरोबर जातो, चौकटींबरोबर जातो, हे मला माहीत झालं होतं. मी त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "रोग येतात दादा. निसर्गाचंच आहे ते."

"निसर्गाचंच," ते म्हणाले, आणि झाकण पेटीवर नीट बसवलं.

एम.फिल.च्या अहवालात मी लिहिलं: वसाहती नैसर्गिक कारणांनी नष्ट झाल्या. माझ्या वाक्याप्रमाणं ते खोटंही नव्हतं. माणूस निसर्ग, टेम्पो निसर्ग, मी निसर्ग. खालच्या दोन वाड्यांवरच्या पेट्या मी त्या पाचव्या दिवशीच वेगळ्या काढायला सांगितल्या असत्या तर तिथल्या जुन्या वसाहती कदाचित वाचल्या असत्या. मी तिकडं गेलेच नाही. एम.फिल. मिळाली. अप्पांनी दुकानात पेढे वाटले.

पुढची वर्षं मी वारूळ आणि धरण काढत राहिले. सवयीनं. दरम्यान गाव बदलत होतं. शाहूपुरीत दुकानांवर दुकानं चढली, हातकणंगल्याकडं जाताना शेताच्या जागी शेड दिसू लागल्या, अप्पांच्या मोटारी ओढ्यातलं पाणी डोंगरापर्यंत चढवू लागल्या आणि उन्हाळ्यात ओढे लवकर आटू लागले. प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचे, हेही त्याच प्रवाहातलं. आणि म्हणताना जिभेवर काहीतरी कडवट यायचं.

मग एका वर्षी वर्गात एका मुलानं विचारलं, "मॅडम, सगळंच नैसर्गिक असलं तर निसर्गात चूक नावाची गोष्टच नाही का?" प्रश्न खोडसाळ नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी धरणाकडं बघितलं, वारुळाकडं बघितलं आणि म्हणाले, उद्या सांगते.

त्या संध्याकाळी उत्तर शोधत बसले तेव्हा लक्षात आलं की माझं वाक्य आजही मला खरंच वाटतं. माणूस आकाशातून पडलेला नाही. त्याची यंत्रं, त्याचे रस्ते, त्याचे टेम्पो हे सगळं निसर्गानंच फार लांबच्या वाटेनं केलेलं आहे. पण वाळवी अहवाल लिहीत नाही. तिला मागं वळून 'हे मी केलं' असं म्हणता येत नाही. इतक्या कोटी वर्षांत निसर्गानं असा एकच प्राणी घडवला ज्याला ते म्हणता येतं, आणि त्या प्राण्यानं, म्हणजे मी, नेमका तिथंच निसर्गाच्या मागं लपून घेतलं. विधान खरं होतं. मी ते आडोसा म्हणून वापरलं होतं. त्याच सुमारास कळलं की शाहूवाडीच्या डोंगराला पुन्हा कारवी आली आहे. पुढच्या रविवारी मी एसटीत बसले.

दगडूदादा पन्नाशीच्या आत म्हातारे दिसत होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. घरामागं पेट्या नव्हत्या. सड्यावर फुलं तशीच, आणि त्यांत थोडी गुणगुणही होती. कुठल्या तरी ढोलीतली एखादी वसाहत रोगातून तगली असेल, तिची पिढी आता पसरत असेल. वर्गात मी याला नैसर्गिक निवड म्हणते. तिथं उभी असताना मला त्या शब्दाचा आधार घ्यावासा वाटला नाही.

"दादा, तुम्ही परत माश्या का नाही पाळल्या? रानात दिसतायत की," मी विचारलं.

त्यांनी तळहात पुढं धरले. "ह्या हातानं न्हाय पाळायच्या ठरिवलं. त्या साली मी एक दिस पाटलाच्या वांग्यावर औशीद माराय गेलतो. रोजगारानं. आलो, हात पाय धुतलं, पर साबन नव्हता. तसाच पेटी उघडली. त्येच्या म्होरं चारच दिसांत मराय लागल्या. माझाच हात लागला, बाई. कुनाला सांगितलं न्हाय, हौसाला तेवढं."

एसटीत मी जी वाक्यं जुळवत आले होते ती सगळी विस्कटली. मी सरळ सांगितलं. पाचव्या दिवशी काय दिसलं ते, मी काय बोलले ते, चौकटी कोणी बदलल्या ते. औषधानं अळ्या तशा पिशवीसारख्या होत नाहीत. रोग होता, आणि तो मी आणलेल्या पेट्यांतून आला होता.

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडावेत असंही वाटत होतं. ते घराकडं वळून ओरडले, "हौसा! ऐकलंस का? माझा हात नव्हता! बाई सांगत्यात, माझा हात नव्हता!"

हौसाबाई बाहेर आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि मग माझ्याकडं. "ह्यो मानूस सात वरीस रातीचा उठून हात धुतोय," ती म्हणाली. "तुमी कुटं हुता?"

दगडूदादाच मध्ये पडले. "खालच्या वाड्यांवर सांगितलंसा?"

"नाही."

त्यांनी पायताण घातलं. "चला मग."

आम्ही कारवीतून खाली उतरलो. ते पुढं, मी मागं. पहिल्या वाडीवर ज्यांनी पेट्या ठेवल्या होत्या ते म्हातारे गृहस्थ वारले होते. त्यांच्या मुलानं ऐकलं, मान हलवली, म्हणाला, "झालं गेलं आता." त्यांच्या पेट्यांत कोंबड्या अंडी उबवत होत्या. मला वाटलं, सुटले. पण दगडूदादा थांबले नाहीत.

दुसऱ्या वाडीवर दारात एक तिशीची बाई तांदूळ पाखडत होती. सुनंदा तिचं नाव. आत तिची सासू जात्यापाशी पाय पसरून बसली होती. दगडूदादा म्हणाले, "सुनंदा, ह्या बाई कॉलेजातल्या. तुमच्या माश्यांचं कायतर सांगाय आल्यात." आणि बाजूला सरकून उभे राहिले. सांगायचं मलाच होतं.

मी सांगितलं. तोवर मला सांगायची थोडी सवय झाली होती आणि त्याचीही लाज वाटत होती. सुनंदाचं सूप हातात तसंच राहिलं.

"कुठल्या साली म्हनालासा?"

"मागच्या कारवीच्या."

"त्याच साली मी लगीन होऊन आलो," ती म्हणाली. आमच्या भागातल्या बायका बोलतात तशी. "मी उंबरा वलांडला आन् म्हैनाभरात घरातली समदी मोहळं गेली. धा वर्सांची मोहळं. पांढऱ्या पायाची म्हनत्यात मला हितं. पाव्हनं आलं तरी सांगत्यात. पोर झाली तवाबी तोंडावर म्हनालं, हिच्या पायानं माश्या गेल्या, आता काय काय जातंय बघा."

वाडीत उन्हं चढली होती. कुठूनतरी भातखाचरातलं पाणी वाहण्याचा आवाज येत होता. दगडूदादा खाली मान घालून उभे होते. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. माफी वगैरे असेल. तिनं हातानं थांबवलं. सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि दाराची दोन्ही कवाडं मागं पूर्ण लोटली. आत जात्यापाशी बसलेली म्हातारी उजेडानं डोळे बारीक करून आमच्याकडं बघू लागली.

"बाई, हितं उंबऱ्यावर या," सुनंदा म्हणाली. "पयल्यापासनं परत सांगा. आन् मोठ्यानं सांगा. आत्तीला कमी ऐकू येतंय."